खुर्चीतली हवा

पहिल्या शनिवारी तांबोळी मॅडमनी
खुर्ची काढायला सांगितली.
लोखंडी, घडीची,
पाठीवर पांढऱ्या रंगात कुठल्याशा मंगल कार्यालयाचं नाव.
मी काढली.
मॅडम म्हणाल्या, ही तुम्हाला माहीत असलेली खुर्ची.
समोरची कुठाय?

खरं होतं.
समोरचीचे पाय मी पाहिलेच नव्हते,
'कार्यालय'वरचा रफार तपासत होते.
एकतीस वर्षं प्रुफं वाचते आहे
अप्पा बळवंत चौकामागच्या प्रेसमध्ये.
वेलांटी पहिली की दुसरी,
रफार आपल्या घरी आहे
की शेजारच्याकडे जाऊन बसलाय,
डोळे त्याच कामाला जुंपलेले.
भेळेचा कागदसुद्धा मी दुरुस्त करून मग टाकते.

मॅडमनी खुर्ची उचलली
आणि टेबलावर उलटी ठेवली. पाय वर.
अक्षरं शीर्षासनात गेली, वाचता येईनात.
"आता खुर्ची काढूच नका," म्हणाल्या,
"पायांच्या मधे जी हवा आहे ना, तेवढी काढा."

हवा?
खाली शनिपाराकडच्या रिक्षा हॉर्न देत होत्या
आणि डोक्यातली बाई बोलत होती :
हा त्रिकोण. छे, त्रिकोण कसला, चार कोपरे आहेत.
मग याला म्हणायचं काय?
काहीच म्हणायचं नव्हतं.
एक बाजू तिरपी, एकीचं किंचित पोट सुटलेलं,
कोपऱ्यात गंजक्या नटाएवढी खाच.
पेन्सिल मुंगीसारखी कडेकडेनं चालली
आणि कुठल्याशा वळणावर
बाई गप्प झाली.

नेमकी कधी, ते सांगता येणार नाही.
सांगणारीच गप्प झाली होती.

खालच्या झेरॉक्सवाल्यानं शटर ओढलं
तेव्हा कळलं, पावणेदोन तास गेले.
चहावर साय धरलेली.
कागदावर हवेचे सहा तुकडे,
आणि त्यांच्या मधोमध,
मी न काढलेली
खुर्ची.

रात्री ओजसला फोन केला. भाचा माझा, मेंदूचा डॉक्टर होतोय.
म्हटलं, माझा उजवा मेंदू जागा झाला रे बहुतेक.
हसला. "मावशी, ते डावं-उजवं इतकं सरळ नसतं.
दिवे सगळीकडेच लागतात, थोडे इकडे, थोडे तिकडे."
असेल.
मला विचाराल तर
रेडिओ बंद केल्यावर फ्रीजचा आवाज ऐकू येतो ना, तसं झालं.
फ्रीज माझ्याच घरातला,
इतकी वर्षं चालू.

मग सोमवार.
कडूसकरांनी लग्नपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर आपटला.
साडेसहाशे प्रती.
"ढमढेरे बाई, हे तुमच्या हातून?"
'आर्शिवाद'.
रफार चक्क शेजारी जाऊन बसलेला, मांडी घालून.
एकतीस वर्षांत पहिला.
मी म्हटलं, कागदाचे पैसे पगारातून कापा.

पुढचं म्हटलं नाही.
त्या ओळीपर्यंत मी पोचले होते,
झोपही लागलेली नव्हती,
पण 'श'ची गाठ आणि त्याचा दांडा
यांच्यामधे जी पांढरी जागा अडकलेली असते
तिच्याकडे बघत बसले.
लाखो 'श' डोळ्यांखालून गेले असतील.
ही जागा
चिंचेच्या कोवळ्या बोटुकासारखी आहे,
हे मला कुणी
कधी बोललं नव्हतं.

नवी प्लेट निघाली. रफार घरी परतला.
लकडी पुलावर बस अडकली की मी आता चिडत नाही,
मेट्रोच्या खांबांमधलं आभाळ
मोजून घेते.
शनिवारी मॅडम हात काढायला सांगणार आहेत,
आपापला, डावा.
सध्या तांदूळ धुताना बघते,
पाणी कुठून कुठून जातं.